ओल्या खळ्यावरून उलटी गेलेली पालखी

एक : डोळे

त्या दिवशी सकाळी देवीला डोळे नव्हते.

पुजाऱ्याचा मुलगा नागेश दिवा लावायला गाभाऱ्यात गेला, वात पुढे केली आणि तसाच पाठ न वळवता मागे मागे सरकत बाहेर आला. काळ्या दगडाच्या मूर्तीवर रुप्याचे दोन डोळे मेणानं चिकटवलेले असत. ते दोन्ही गेले होते. बाकी सगळं जागच्या जागी. समई होती, घंटा होती, तांब्याची परात होती. दगडावर साधा ओरखडाही नव्हता. कुणीतरी तळहाताच्या उबेनं मेण मऊ केलं होतं आणि डोळे अलगद सोडवून घेतले होते.

तेरवाळ हा कर्नाटकच्या डोंगरात, दिग्गीच्या वाटेवरचा वाडा, म्हणजे छोटी वस्ती. रस्ता, शाळा, दवाखाना शोधत एकेक घर खाली उतरत गेलं आणि आता मोजकी घरं उरली. इथं देवळाला कुलूप नसतं. दार नुसतं ओढून घेतात, कुत्रं आत जाऊ नये म्हणून. तेव्हा चोर कोण, याला आत कोण शिरलं हे उत्तर होऊ शकत नव्हतं. आत कुणीही शिरू शकत होतं.

वाड्याचा बुधवंत महाबळेश्वर आला. देवाचं काम आणि माणसांची भांडणं, दोन्ही बुधवंताच्या शब्दावर चालतात. त्यानं गाभाऱ्यात डोकावलं आणि बराच वेळ खांबाला टेकून उभा राहिला.

"पोलिसाला बोलवायचं काय?" नागेशनं विचारलं.

"पोलीस लांब. देवी हितंच हाय," बुधवंत म्हणाला. "तिची वस्तू, तिलाच इचारू. पालखी काढा."

दोन : दांडा

तेरवाळात काही हरवलं की पालखी विचारतात. चौघं खांदा देतात, दोन पुढे, दोन मागे. अनवाणी. ढोल वाजतो. मग पालखीला भार येतो आणि ती चौघांना घेऊन निघते. दांड्याचं टोक ज्या दाराला टेकतं, वस्तू त्या घरात. वाडवडलांपासून हे असंच, आणि त्यावर अपील नाही.

केशर तेव्हा थोरल्या भावाच्या, लखूच्या घरी चुलीपाशी होती. ती जोयड्याला हायस्कुलात विज्ञान शिकवते, आणि मळणीसाठी रजा काढून माहेरी आली होती. ढोल जवळ आला म्हणून तिनं दार उघडलं, तर पालखीचा दांडा थेट तिच्या छातीवर आलेला. ती बाजूला झाली. दांडा चौकटीला ठक्कन टेकला.

तिच्या पहिल्यांदा ध्यानात आलं ते हे, की दारासमोर चौघांच्या पाठी होत्या. पालखी उलटी चालत आली होती. चौघंही घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले, धापा टाकत होते. त्यातला गणपती, लखूचा लहानपणापासूनचा जोडीदार, मान खाली घालून उभा होता.

ढोल थांबला.

"लखू," बुधवंत म्हणाला.  

लखू हातातली दोरी गुंडाळत होता. त्यानं ती पूर्ण गुंडाळली, खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "बरं."

माणसं गेल्यावर केशरनं त्याला गाठलं. तो माळ्यावरची भांडी खाली घेत होता.

"दादा, तू घेतलेस काय?"

"तुला काय वाटतंय?"

"न्हाई घेतलेस."

"मग इचारतीस कशाला?"

"मग भांडी कशाला उतरवतोस?"

"दांडेलीला जातो. मेव्हणा हाय तितं." लखूनं हंडा जमिनीवर ठेवला. सगळे खाली उतरत होते तेव्हा हा एकटा म्हणायचा, मी मेलो तर इथंच. "हे बघ केसर, पोलीस म्हनला असता चोर, तर भांडलो असतो. फारेष्टवाला म्हनला असता तरी भांडलो असतो. हिच्याशी काय भांडू? आनि चोर म्हनून हितं न्हाई ऱ्हानार. सुगीला कुनी हाक मारनार न्हाई, मेल्यावर कुनी खांदा देनार न्हाई. त्यापेक्षा गेलेलं बरं."

दांडेलीच्या म्हादूची पिकप गाडी दिग्गीत सामान टाकायला आली होती. तिला निरोप गेला होता. दुपारनंतर येणार.

केशर बुधवंताकडे गेली. तो तिच्या बापाच्या वयाचा, तिला नावानं हाक मारणारा.

"मामा, मला जरा इचारपूस करू द्या."

"देवीच्या वर इचारपूस?"

"देवीला न्हाई. खांदेकऱ्यांना."

महाबळेश्वरनं तिच्याकडे पाहिलं. त्याला लखू आवडायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. "गाडी भरेस्तोवर," तो म्हणाला. "गाडी सुटली की विषय संपला."

तीन : खळं

आता जागा नीट समजून घ्यायला हवी, आणि ती अगदी सोपी आहे. मधोमध खळं, म्हणजे मळणीचं अंगण. त्याच्या एका अंगाला गणपतीचं घर. बरोबर समोर, दुसऱ्या अंगाला, लखूचं. देऊळ वरच्या बाजूला.

आदल्या संध्याकाळी सगळ्या बायकांनी मिळून खळं सारवलं होतं. लाल मातीचा जाड थर, शेण, वर पुन्हा हात. सारवलेलं खळं वाळेपर्यंत त्यावर कुणी पाऊल टाकत नाही. कोंबडीसुद्धा हाकलतात. म्हणून तर वाड्याची खात्री पटली होती.

"वल्या खळ्यात आपल्या पायानं कोन जाईल हो?" लखूची बायको राजेश्वरीच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण शंका नव्हती. "देवीनंच नेलं त्यांना."

केशर खळ्याच्या कडेला उकिडवी बसली. उन्हानं माती आवळायला लागली होती. चार माणसांच्या पावलांच्या चार ओळी गणपतीच्या अंगणापासून निघून लखूच्या दाराकडे गेल्या होत्या, एकमेकींत न मिसळता, कारण पुढची जोडी दांड्याला लागून चालते आणि मागची जरा बाहेरून, प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. बोटं दिसत होती, टाचा दिसत होत्या.

"वैनी, घरात बुट्ट्या किती हायत?"

"कशाला?"

"पायांवर पालथ्या घालायच्या. कुनाचं पाऊल पडायच्या आत."

राजेश्वरीनं नाक पुसलं. "शाळेत हेच शिकवता काय तुम्ही?" असं म्हणाली, पण शेजारच्या घरांतल्यासुद्धा बुट्ट्या गोळा करून आणल्या. थोड्या वेळात खळ्यावर अशा पालथ्या टोपल्या दिसू लागल्या, जणू वाड्यातल्या सगळ्या कोंबड्या एकदम खुडूक झाल्या आहेत.

चार : चार खांदे

*पुढचा उजवा. नागेश.*

"मी काय करनार अक्का? देवळातनं निघालो ते सरळ गणपतीच्या अंगनात. मला वाटलं, ह्याच्याच दाराला टेकते. तेवढ्यात थांबली. एकदम. मग उलटी. दांड्यानं मला असं मागं खेचलं, की खांदा बघा, सोलला. पडलो असतो तर देवी पडली असती, म्हनून पाय रोवत रोवत गेलो. डोळे? काल सांजेला दिवा लावला तवा हुते. आईची आन."

*मागचा उजवा. संदीप. गोव्यात हॉटेलात कामाला, मळणीपुरता आलेला.*

"मागं असलो की पुढचं काय दिसत न्हाई. पालखी अंगावर आली बघ. जशी गाडी रिव्हर्स येते. टाचा रोवल्या, तरी ढकलत नेलं. मी गोव्याला असतो म्हनून माझ्यावर आळ घेऊ नको हां. रुपं विकायला मी येवढ्या लांब येनार? तिकडं काय रुप्याला तोटा हाय?"

*मागचा डावा. अर्जुन. याचं आणि लखूचं पाटाच्या पाण्यावरून तीन सुग्या बोलणं नाही.*

"म्हंजे मी ढकललं म्हन की सरळ! भावासाठी करतीस, कर. पन शिकल्याली हाईस तर नीट इचार कर. आमची रक्षिता वाचत असती मोठ्यानं, मी ऐकलंय. जितका जोर, तितकाच उलटा जोर. व्हय की न्हाई?"

"व्हय."

"मग? मी पालखी वढली, पालखीनं मला तितकंच वढलं. फिटलं. नागेशनं ढकललं, त्याला तितकंच परत. फिटलं. चार माणसं, चार फिटंफीट. पालखी जागची हलाय नको. हलली. मग कुनी हलवली?" अर्जुननं देवळाकडे हात केला. "तुझ्याच पुस्तकानं सांगितलं, बाई."

केशरला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. वर्गात दर साली पहिल्या बाकावरचं कुणीतरी हाच प्रश्न कन्नडमधून विचारतं. उत्तर द्यायला ती तोंड उघडणार, तोच अर्जुन तरातरा निघून गेला.

*पुढचा डावा. गणपती.*

तो परसात लाकडं फोडत होता. फोडायची लाकडं संपली होती, तरी कुऱ्हाड खाली ठेवत नव्हता.

"मी धरून ठेवत हुतो, केसर. पालखी लखूच्या दाराकडं निघाली तसा माझा जीव गेला. त्याच्याबरोबर मधाचं म्हव काढायला मी झाडावर चढलोय. दोरी त्यानं धरलेली असायची. त्याच्या दाराला मी दांडा लावीन?"

"न्हाई लावनार."

"सगळा जोर लावला थांबवायला. माझे पाय बघ जा खळ्यात. तिघांच्या आनि माझ्या पायांत फरक हाय. बघ जा."

पाच : बायजा

गणपतीची आई पडवीत बसली होती. पायरी वाजली तशी तिनं मान वर केली. दोन्ही बुबुळांवर ताकासारखी पांढुरकी साय आली होती. गेल्या सालीच केशरनं तिला सांगितलं होतं, अव्वा, हा मोतीबिंदू आहे, दवाखान्यात काढतात. बायजानं ऐकून घेतलं होतं आणि विषय बदलला होता.

"कोन, लखूची केसर न्हवं? चप्पल वाजली शहरातली." तिनं हात लांब करून केशरचा गाल चाचपला. "वाळलीस."

"अव्वा, देवीचे डोळे गेले, कळलं?"

"ते मीच वाहिलेले. नवस हुता माझा. माझे मंद पडायला लागले तवा रुप्याचे करून वाहिले तिला. म्हटलं, तुला देते, माझे ऱ्हाऊ देत." ती थांबली. "तवा सुईत दोरा जायचा माझा. आता तू हितं बसलीस, तर तुझ्या जागी नुसता अंधार बसलाय."

"तरी रोज देवळात जातेस म्हणे."

"पहाटं फुलं कोन घालनार? हातानं दिसतंय मला. तिचं नाक, तिची हनुवटी, सगळं हातात हाय." बायजानं पदराचं टोक मुठीत घेतलं. "मिळाला काय चोर? मला कोन काय सांगतच न्हाई. गनप्या सकाळधरनं बोलंना झालाय."

"पालखी आमच्या दाराला टेकली. लखूदादा घर सोडून चाललाय."

म्हातारीचा हात पदरावरच राहिला.

"लखू?" ती म्हणाली. "त्याच्या दाराला कशी टेकंल? ढोल तर हितं, माझ्या कानाशी आला हुता."  मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "गाडी कवा येनार?"

सहा : हे प्रकरण चुकीचं आहे, तरी आधी हेच घडलं

केशरनं बुधवंताला खळ्यावर आणलं आणि एकेक बुट्टी उचलली. माती आता विटेसारखी झाली होती. चारही जणांची तोंडं गणपतीच्या घराकडे होती आणि ते मागे मागे लखूच्या घराकडे गेले होते, हे कोणालाही दिसलं असतं.

फरकही कोणालाही दिसला असता. नागेश, संदीप, अर्जुन, या तिघांच्या टाचा खोल रुतल्या होत्या. टाचेनं माती लखूच्या घराच्या बाजूला सरकवली होती, तिथं बोटभर उंच कड आली होती. गणपतीचं उलट. टाच जवळजवळ टेकलेलीच नाही. चवडा आणि बोटं खोल, आणि बोटांपुढे मातीची कड, त्याच्या स्वतःच्या घराच्या बाजूला.

"तिघांनी माती आमच्या दाराकडं ढकललीया," केशर म्हणाली. "एकट्या गणपतीनं उलटी ढकलली. म्हंजे तिघांनी मिळून पालखी आमच्याकडं आनली आनि गणपती थांबवत हुता. तो म्हनाला ते खरं."

बुधवंत वाकून पाहत राहिला. त्याचं समाधान झालं नव्हतं.

"नागेश, संदीप आनि अर्जुन," तो म्हणाला. "पोरी, हे तिघं चहात साखर किती यावर एक होत न्हाईत. ते न बोलता, न ठरवता, देवीच्या ढोलात एकाच वक्ताला एकाच अंगाला ढकलतील?"

केशरनं पुन्हा पावलांकडे पाहिलं. सगळं जुळत होतं आणि तरी पटत नव्हतं. गणिताचं उत्तर बरोबर यावं आणि एकक चुकलेलं असावं, तसं काहीतरी.

लांबून पिकपचा आवाज आला.

सात : गाडी

म्हादूची पिकप वाड्याच्या तोंडाशी, ओढ्याच्या उतारावर रुतली. सगळे धावले, कारण रुतलेल्या गाडीला भांडण माहीत नसतं. लखूही धावला. आपल्याला न्यायला आलेली गाडी तो स्वतःच ढकलू लागला. शेजारी अर्जुन. दोघांचे खांदे एका फळीला.

"हं, मार रेस!"

चाक जागच्या जागी फिरलं. केशर मागे उभी होती. चिखलाचा एक सपकारा तिच्या साडीवर कमरेपर्यंत बसला, आणि त्याच क्षणी गाडी पुढे सरकली.

"सरक की गं मागनं!" अर्जुन ओरडला. "गाडी पुढं जानार म्हंजे चिखल मागंच येनार!"

राजेश्वरी पदरानं तिची साडी पुसायला आली. केशर हलली नाही. ती चाकाकडे पाहत होती. चाक माती मागे लोटत होतं. माती गाडीला पुढे लोटत होती. ती फळ्यावर काढते तो बाण, आणि त्याच्या उलट दुसरा बाण, एक मातीवर, एक गाडीवर.

"वैनी," ती म्हणाली, "मी सगळं उलटं वाचलं."

सहा : दुरुस्त

गाडी लखूच्या दारात लागली. तांदळाची पेटी, हंडे, पाटा, गोधड्या चढल्या. दोर आवळायचा तेवढा बाकी होता तेव्हा केशरनं सगळ्यांना खळ्याभोवती बोलावलं. ती वर्गात बोलते तशी बोलली, आवाज न चढवता.

"अर्जुनमामानं सकाळी एक प्रश्न इचारला. मी वढतो तितकाच मला वढ, मग हलतं कसं? आधी त्याचं उत्तर. म्हादू, गाडीत बस."

म्हादू बसला.

"आता आतनंच गाडी ढकल. स्टेरिंगला जोर लाव. लाव, लाव."

म्हादूनं जोर लावला. त्याची मान फुगली, सीट करकरली. गाडी ढिम्म. बायका हसू लागल्या.

"हलंना, अक्का. इंजिन चालू करू?"

"नको. आता उतर आनि मागनं ढकल."

म्हादू उतरला, पाय रोवले, आणि गाडी वीतभर सरकली.

"माणूस तोच, जोर तोच. फरक काय? आत असताना त्याचे पाय गाडीवरच हुते. हात पुढं ढकलत हुते, पाठ सीटला मागं रेटत हुती, सगळं गाडीतल्या गाडीत फिटत हुतं. भाईर आल्यावर पाय जमिनीवर आले. अर्जुनमामा, तू पालखीला वढतोस तो जोर पालखीवर. पालखी तुला वढती तो तुझ्यावर. दोन येगळ्या वस्तू. एकमेकांत फिटत न्हाईत. चौघं आनि पालखी मिळून एक गाडी धरा. ती गाडी लखूदादाच्या दाराकडं सरकायची तर भाईरच्या कुनालातरी उलटं ढकलायलाच पायजे."

"कुनाला?"

"हिला." तिनं खळ्यावर हात ठेवला. "माणसानं मातीला जिकडं ढकललं, मातीनं त्याला त्याच्या उलट ढकललं. चिखल माझ्या साडीवर, गाडी पुढं. तू पाय मागं मारतोस म्हनून पुढं चालतोस. कड जिकडं, जोर त्याच्या उलटा."

आता कुणी हसत नव्हतं. एकेक जण वाकून पावलं पाहू लागला.

"तिघांच्या टाचा आमच्या घराकडं रुतल्यात. म्हंजे मातीनं त्यांना गणपतीच्या घराकडं रेटलं. ते थांबवत हुते. नागेशनं सांगितलं, पाय रोवत गेलो. संदीपनं सांगितलं, टाचा रोवल्या, अंगावर आली. दोघं खरं बोलले. अर्जुनमामानंसुद्धा आमच्याकडं न्यायला जोर लावला न्हाई."

अर्जुननं चमकून लखूकडे पाहिलं. लखू दोर हातात घेऊन उभा होता.

"पन थांबवनारे तिघं," संदीप म्हणाला, "आनि ढकलनारा एक. तरी गेली कशी?"

"देवी वढते म्हटल्यावर तू किती जोर लावलास?"

संदीपनं विचार केला. "पडू नये येवढाच."

"त्यानं मात्र सगळा लावला. चवडे बघा किती खोल गेलेत. त्यानं माती आपल्या घराकडं ढकलली, म्हनून पालखी इकडं आली."

पुढचा डावा. सगळ्यांची तोंडं वळली. गणपतीच्या ओठांचा रंग उडाला होता.

"मी थांबवत..." त्यानं सुरुवात केली.

"पाय बघ जा, असं तूच म्हनलास," केशर म्हणाली, आणि तिचा आवाज मऊ झाला. "तुला वाटलं, माती लखूच्या उलट ढकलली म्हंजे लखूला वाचवलं असं दिसंल. मलाही तसंच दिसलं की. मग मी म्हटलं, गणपती दादाच्या दाराला पालखी का लावंल? काय कारन? कारनच न्हाई. तू त्याच्या दाराकडं ढकललीच न्हाईस. पालखी तुझ्या अंगनात आली हुती. नागेशनं बगितलं, तुझ्या आईनं ऐकलं. तू तिला तुझ्या दारापासनं लांब ढकललंस. मागं कुनाचं दार हाय, ते तुला दिसत न्हवतं."

कुठंतरी कोंबडी पालथ्या बुट्टीवर चढली आणि उतरली.

"त्या घरात दोनच माणसं ऱ्हातात," बुधवंत हळू म्हणाला. "डोळे तू घेतलेस, गणपती?"

"व्हय," गणपती म्हणाला. "मी."

"खोटं बोलतोय," पडवीतून आवाज आला.

सात-आठ पावलांचं अंतर बायजानं भिंतीला हात लावत कापलं. खळ्याच्या कडेला आली तशी थांबली. ओलं असेल म्हणून पाऊल टाकलं नाही.

"मी घेतले. पहाटं. ह्यानं घरात बगितले माझ्या हातात, पन तवर पालखी काढायचं ठरलं हुतं, ह्याला खांद्याला बोलावनं आलं हुतं." तिनं पदराची गाठ सोडली. उन्हात दोन रुप्याचे डोळे लखलखले. "महाबळेश्वरा, तू बुधवंत. तूच सांग. मी तिला डोळे दिले, माझे ऱ्हावेत म्हनून. तिनं माझे न्हेले. मग माझे मी परत घेतले. ही चोरी कशी?"

  असा निवाडा महाबळेश्वरच्या बापापुढे आला नव्हता, आजापुढेही नाही.

"देवीला इचारावं लागंल," तो शेवटी म्हणाला.

"मग पालखी काढायची?" नागेशनं विचारलं.

चौघांनी एकमेकांच्या खांद्यांकडे पाहिलं. कुणी जागचं हललं नाही.

"एक राहिलं, बाई," अर्जुन म्हणाला. त्याच्या बोलण्यातला टोमणा गेला होता. "उलटी कुनी न्हेली ते कळलं. पन आधी ती ह्यांच्या अंगनात गेलीच कशी? आमाला तर काय ठावं न्हवतं."

केशरनं देवळापासून गणपतीच्या अंगणापर्यंतची वाट पाहिली. तिथं कोरडा दगड होता. पाऊल उमटलं नव्हतं.

"ते मला सांगता येत न्हाई, मामा," ती म्हणाली.

शेवट

 आता लखू बोलला, गणपतीकडे न पाहता.

"आईसाठी केलंस ते कळतंय मला. पन माझ्या दाराला दांडा टेकल्यावर तुला तोंड हुतं. गाडी भरस्तोवर तुला तोंड हुतं."

"हुतं," गणपती म्हणाला.

"आनि मी गेलो असतो."

गणपतीनं मान हलवली. 

लखूनं दोर म्हादूच्या अंगावर टाकला. "दांडेलीत डोळ्यांचा दवाखाना हाय न्हवं?"

"हाय की."

"मग पुढच्या सीटवर अव्वाला घे. केसर बसंल बरोबर. सामान उतरवा."

"मी न्हाई जानार सुरीखाली," बायजा म्हणाली.

"अव्वा, नवस करून बगितलास," केशर तिचा हात धरून म्हणाली. "आता हे बघ."

म्हातारीनं रुप्याचे डोळे मुठीत वाजवले. विचार केला. मग बुधवंताच्या दिशेनं, म्हणजे तिच्या अंदाजानं बुधवंत असेल त्या दिशेनं, मूठ पुढे केली.

"हे मी घेऊन जाते. दिसाय लागलं तर माझ्या हातानं चिकटवीन तिला. ह्या खेपंला आधी न्हाई देनार. आधी देऊन बगितलं."

बुधवंताचा श्वास सुटला. "चालंल," तो म्हणाला. देवीच्या वतीनं त्यानं एवढं पटकन कधी काही कबूल केलं नव्हतं. मग घसा साफ करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लखूच्या घरावरचा बोल उठला. उद्या मळणी. पयली पेंडी लखू आपटंल."

राजेश्वरी दारातच खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून हुंदके देऊ लागली.

गोधड्या उतरल्या, हंडे उतरले, पाटा उतरला. संदीप आणि नागेशनं पटापट आत नेलं. अर्जुन एक कळशी घेऊन लखूच्या उंबऱ्यापर्यंत गेला, तीन सुग्यांनंतर पहिल्यांदा, आणि कळशी आत कुठं ठेवायची ते न कळून तसाच उभा राहिला.

शेवटी तांदळाची पेटी राहिली. फणसाच्या लाकडाची, जुनी, अर्धी भरलेली. गणपती एकटाच तिला भिडला. एक बाजू उचलली की दुसरी फळीला घासायची. पुन्हा उचलली, पुन्हा घासली. कुणी मदतीला गेलं नाही. ते काम कुणाचं आहे, हे सगळ्यांना कळत होतं.

लखू बघत उभा राहिला. मग पायातली वहाण काढून गाडीवर चढला आणि पेटीच्या दुसऱ्या कडीत हात घातला. दोघांनी मिळून पेटी खाली घेतली, अंगण ओलांडलं, पायरी चढले. गणपतीचा चेहरा भिजला होता, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"वर धर की," लखू म्हणाला. "उंबऱ्याला लागंल."